ताडपत्री आणि बाकीचे दागिने

पिकअप घ्यायला फारशी अक्कल लागत नाही. डाउन पेमेंट लागतं. रंग, आकार, इंजिन हे कंपनीनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. हप्ता फायनान्सवाला ठरवतो, मुहूर्त गुरुजी ठरवतात आणि पेढे कुणाकडून आणायचे ते घरातल्या बायका ठरवतात. मालकाच्या हाती उरतं ते एवढंच, की हौद्यावर काय झाकायचं आणि उरलेल्या गाडीला काय काय टांगायचं. पण एवढ्यावरही माणूस आपली मालकी पुरेपूर वसूल करतो. दहा लाखांच्या घरातल्या गाडीच्या कागदांवर न वाचता सह्या करणारा हाच गृहस्थ ताडपत्रीच्या दुकानात शिरला की त्याच्या अंगात ग्राहक पंचायत संचारते.

आमच्या जुन्नरच्या बाजूला पूर्वी सोयरीक जमवायला आलेले पाहुणे विहिरीला पाणी किती ते विचारायचे. आता पिकअपचे हप्ते किती राहिले ते विचारतात. २००५ साली टाटा एस आली, लोकांनी बघता बघता तिचं बारसं 'छोटा हत्ती' असं केलं आणि लहान शेतकऱ्याच्या दारात पहिल्यांदा स्वतःचं मालवाहू चाक उभं राहिलं. आज नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात गेलात तर बोलेरो पिकअपच्या रांगेतून चालायला वाट सापडत नाही. त्या रांगेत एक गाडी माझ्या धाकट्या भावाची. मी शाळामास्तर. जिथे जिथे बारीक अक्षरात काही छापलेलं असतं, तिथे घरचे मला बरोबर नेतात आणि वाचून झालं की गप्प बसवतात. ताडपत्रीच्या खरेदीला मी गेलो तो या नात्यानं.

पहिला वाद मापाचा. हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. तेव्हा ताडपत्रीही नऊ बाय साडेपाचची का नको, हा वहिनीचा सरळ सवाल. गादीएवढीच चादर आणली तर खोचायची कुठे, असं मी म्हटलं, तर "भाऊजी, तुम्ही कधी खोचलीय का चादर?" असं उत्तर मिळालं. हिशेब असा, की ताडपत्री हौद्याच्या मापाची घ्यायची नसते, मालाच्या उंचीची घ्यायची असते. क्रेट हौद्याच्या तळापासून साडेचार फूट चढले तर दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फूट खाली यायला हवेत, तसेच पुढं-मागं. नऊ फुटी हौद्याला पंधरा बाय अठराच्या आत भागत नाही.

पण मग क्रेट चढवायचे किती, हा नाजूक प्रश्न येतो. कंपनीच्या कागदावर या गाडीची ताकद सतराशे किलो. वीस किलो टोमॅटोचा क्रेट, त्यात क्रेटचं स्वतःचं वजन धरलं तर पंचाहत्तरच्या आसपास क्रेट भरले की कागद संपतो. कागद संपला म्हणून कुणी क्रेट उतरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यासाठी गाडीला मागच्या बाजूला जादा पाटा टाकतात. गाडी रिकामी असताना तिची मागची बाजू उंच राहते आणि खड्ड्यात गेली की ड्रायव्हरची टोपी छताला लागते. भरली की मग ती सरळ होते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा कायदा झाला. माल हौद्याच्या बाहेर आला तरी २०,०००. तेव्हापासून आमच्या गावात ताडपत्री जरा मोठीच घेतात. तिच्याखाली काय आणि किती आहे हे बाहेरून कळू नये, हाही तिचा एक गुण मानला जातो.

दुकानात गेलो तर आमच्याआधी सल्लागार हजर. ताडपत्री घेणाऱ्यापेक्षा घेतलेल्यांना जास्त कळतं. एकानं ती दोन्ही हातांनी ताणून बघितली. दुसऱ्यानं गाडीच्या किल्लीनं कोपऱ्यात ओरखडा काढून बघितला. तिसरा ती उन्हाकडे धरून बारीक भोकं शोधत होता, आणि हा माणूस खरा जाणकार, कारण ताडपत्रीचं पाप उजेडातच दिसतं. चौथ्यानं नुसता वास घेतला आणि मान हलवली. कशासाठी हलवली ते त्याचं त्यालाच ठाऊक, पण त्यानंतर शेठ अस्वस्थ झाला.

मग वाद रंगावरून. निळी सगळ्यांकडे असते म्हणून नको. पिवळी रस्त्यावर उठून दिसते, पण मळते. काळी उन्हात तापते आणि टोमॅटो बाजारात पोचेपर्यंत सारात टाकायच्या लायकीचा होतो. एका बाजूनं रुपेरी असलेली चांगली, पण रुपेरी बाजू वर ठेवायची की खाली यावर दुकानात दोन पक्ष पडले. सुती कॅनव्हासची बाजू घेणारे एक म्हातारबाबा होते. त्यांचं म्हणणं असं, की कॅनव्हास भिजला की धागा फुगतो, भोकं बुजतात, आणि हवाही खेळती राहते. कांद्याला तोच लागतो. प्लास्टिकखाली घट्ट बांधलेला कांदा घाम धरतो आणि बाजारात पोचेपर्यंत गोणीतून वास सोडायला लागतो. बाबांचं बोलणं बरोबर होतं, पण भिजलेला कॅनव्हास उचलायला चौघे लागतात आणि ओलाच घडी घातला तर बुरशी धरतो, हे ते सांगत नव्हते. त्यांच्या काळी घरात चौघे होते.

"हमी किती वर्षांची?" भावानं विचारलं.

"मालक, पोराच्या लग्नापर्यंत हलणार नाही," शेठ म्हणाला.

"पोरगं बारावीत आहे."

"मग लवकर उरका."

"नाही, पण हमी कशाची?"

"उन्हाची नाही, वाऱ्याची नाही, उंदराची नाही."

"मग राहिलं काय?"

"माझा शब्द," शेठ म्हणाला आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

आता माझं काम आलं. ताडपत्रीच्या कोपऱ्यावर '२०० जीएसएम' असा छाप होता. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. हा आकडा दुकानात सगळे पुराणातल्या श्लोकासारखा म्हणतात. त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मी बिलाच्या पाठीवर मांडलं: पंधरा गुणिले अठरा, दोनशे सत्तर चौरस फूट, म्हणजे पंचवीस चौरस मीटर. पंचवीस गुणिले दोनशे, पाच हजार ग्रॅम. ही ताडपत्री पाच किलो भरली पाहिजे. शेजारी कांद्याच्या आडतीवर इलेक्ट्रॉनिक काटा होता. आम्ही ती उचलली आणि काट्यावर ठेवली. तीन किलो आठशे. म्हणजे दीडशे जीएसएम, आणि त्यात कडेच्या ॲल्युमिनियमच्या रिंगाही धरलेल्या.

शेठनं काट्याकडे बघितलं, मग आकाशाकडे बघितलं. "सध्या हवा कोरडी आहे," तो म्हणाला.

मी टेप लावली. पंधरा बाय अठरा म्हणून दिलेली ताडपत्री साडेचौदा बाय साडेसतरा भरली. "ते कटिंगचं माप आहे, मास्तर. कडा दुमडल्यावर जातं तेवढं," शेठ शांतपणे म्हणाला, आणि इथे मात्र तो खरं बोलत होता. कापण्याचं माप आणि तयार माप यांतलं अंतर हा या धंद्यातला मान्य रिवाज आहे. विचारणाऱ्याला सांगतात, न विचारणाऱ्याला विकतात.

एवढं झाल्यावर भावानं काय करावं? दुसरी, जाड ताडपत्री घ्यावी असं कुणालाही वाटेल. त्यानं तीच घेतली, तीनशे रुपये कमी करून. शेठला काट्यावर पकडल्याचा आनंद एवढा मोठा होता, की त्यापुढे ताडपत्री पातळ असल्याचं दुःख टिकलंच नाही. घरी येताना त्यानं हा प्रसंग वाटेत भेटेल त्याला सांगितला. माझा गणितातला वाटा दुसऱ्या चहापर्यंत कथेतून गळला.

ताडपत्री घरी आली म्हणजे गाडीवर गेली असं नाही. आईनं तिच्यावर शेंगा वाळत घातल्या. पहिला पाऊस झाला तेव्हा ती कांदाचाळीच्या गळक्या कोपऱ्यावर होती. शेजारच्या घरी साखरपुडा होता, तिथे ती आचाऱ्याच्या डोक्यावर गेली आणि तेलाच्या डागांसकट परत आली. गाडीला जेव्हा ती हवी असते, तेव्हा गावातली चार पोरं तिच्या शोधात निघतात. गाडी एकट्या भावाच्या नावावर आहे; ताडपत्रीवर मात्र सगळ्या भावकीची नावं लागलेली आहेत, सातबारा तेवढा निघायचा बाकी आहे.

एकदा ती हौद्यावर चढली, की मग दोरीची विद्या सुरू होते. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवत नाहीत आणि शिकवली असती तर आमच्या वर्गातली निम्मी पोरं पहिली आली असती. आधी पुढची बाजू खोचायची, कारण वारा समोरून शिरतो आणि एकदा आत शिरला की ताडपत्रीचं शीड करतो. मग दोन्ही बाजूंच्या घड्या मागच्या दिशेनं पाडायच्या, मागचा पदर शेवटी. मग दोरी. दोरी वरून टाकली की छातीच्या उंचीवर तिला एक पीळ देऊन छोटा फास काढायचा. शेंडा खाली हौद्याच्या हुकात अडकवून वर आणायचा, फासातून ओवायचा, एक पाय चाकावर टेकवायचा आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली ओढायचा. फास आणि हुक मिळून कप्पीचं काम करतात. ओढणाऱ्याला आपल्या ताकदीच्या दुप्पट ताकद आल्यासारखं वाटतं आणि चेहऱ्यावर ते दिसतं. शेवटची गाठ अशी मारायची, की वाटेत सुटू नये आणि बाजारात एका झटक्यात सुटावी. आळेफाट्यावरून ओतूरमार्गे माळशेज घाटात पावसाळ्यात उतरायचं असेल, तर ही गाठ मारणारा माणूस ड्रायव्हरपेक्षा महत्त्वाचा. तिथे पाऊस वरून पडतो, दरीतून उलटाही येतो आणि धबधब्याशेजारी फोटो काढणाऱ्या लोकांच्या छत्र्यांवरून उडून तिरकाही येतो. ताडपत्रीनं या तिन्ही बाजू सांभाळायच्या असतात.

एवढी ही कामाची वस्तू. तिच्यावर आम्ही तासन्तास घासाघीस केली. त्यानंतर पुण्याला, नाना पेठेत गेलो.

नाना पेठ हा गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. तिथे सुटा भाग घ्यायला जाणारा माणूस सुटा येत नाही, सजावटीचं सामान बरोबर घेऊन येतो. तीनशे रुपयांसाठी शेठचा घाम काढणारा माझा भाऊ तिथे दुकानाच्या पायरीवर उभा राहून फक्त एकच शब्द बोलत होता: "लावा." पुतण्या बोट दाखवत होता, बाप 'लावा' म्हणत होता. स्टिअरिंगला विणलेलं कव्हर, लावा. सीटला लाल-काळं कव्हर, लावा. डॅशबोर्डवर महाराजांची मूर्ती आणि तिच्यामागे रंग बदलणारी एलईडी पट्टी, लावा. सीटमागे वूफर. मागे मडफ्लॅप, त्यावर वाघ. आरशाला गोंडे, बंपरला काळी बाहुली. पुढे स्टीलचा चकचकीत गार्ड. आणि सगळ्यांचा मुकुटमणी, वेगवेगळ्या सुरांत वाजणारा प्रेशर हॉर्न. दुकानदारानं तो वाजवून दाखवला. रस्त्यावरची दोन कुत्री उठून गेली. "लावा," भाऊ म्हणाला.

मी हळूच कायदा काढला. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला केंद्रीय मोटार वाहन नियमांत, ११९ व्या नियमात, मनाई आहे. पुढचा गार्ड बसवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन आहे असं केंद्राच्या मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. उलट एक वस्तू कायद्यानं लावावीच लागते: चमकणारी पट्टी, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. रात्री घाटात बंद पडलेली गाडी मागच्याला दिसावी म्हणून.

"ती पट्टी केवढ्याला?" भावानं पहिल्यांदाच भाव विचारला. भाव ऐकून म्हणाला, "काही कमी होईल का? तुकड्यातली चालेल."

तेव्हा मला या खरेदीचं व्याकरण कळलं. जी वस्तू कामाची, तिला घासाघीस. जी कायद्यानं सक्तीची, तिला तुकड्यातली चालेल. आणि जी निरुपयोगी, वर बेकायदा, तिला 'लावा'. त्यामुळे दागिन्यांचं एक वेळापत्रकच ठरून गेलेलं असतं. नव्या मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंगला जावं लागतं. आदल्या रात्री हॉर्न, गार्ड आणि गोंडे उतरून धान्याच्या कोठीशेजारी जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी गाडी विरक्त चेहऱ्यानं आरटीओसमोर उभी राहते, आणि संध्याकाळी पुन्हा नटते.

मग पेंटर. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं गाड्यांच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली, लोक विनाकारण हॉर्न वाजवतात म्हणून. त्यामुळे फाळक्यावर मोकळी जागा झाली आणि मोकळी जागा आमच्याकडे राहत नाही. काचेवर पुतण्याचं नाव, त्याखाली पुतणीचं. पुतणी मोठी असून खाली का, यावर वहिनीनं दोन दिवस अबोला धरला, तेव्हा तिचं नाव फाळक्यावर, मोठ्या अक्षरांत आलं. आईचं म्हणणं कुलदैवताचं नाव हवं. ते टपावर गेलं. माझं नाव कुठे घालायचं असं भावानं विचारलं. मी सुचवलं, चमकणारी पट्टी लाव, तेवढंच पुरे. त्यानं त्याचा अर्थ विनय असा घेतला.

नाना पेठेत गेलो त्याच दिवशी पुण्यात दुसऱ्या जातीची पिकअपही बघितली. २०१६ ला इसुझूची व्ही-क्रॉस आली आणि २०२२ ला टोयोटाची हायलक्स, ती तर तेव्हाच ३४ लाखांच्या घरात. आम्ही बघितली ती पांढऱ्या नंबर प्लेटची, म्हणजे घरगुती. तिच्या हौद्यावर ॲल्युमिनियमचं सरकतं झाकण होतं, कुलूप लावता येणारं. भावानं मालकाला आदरानं विचारलं, "यात काय नेता?" मालक जरा विचारात पडले. "ट्रेकला जातो कधी कधी," म्हणाले. "मग बॅगा कुठे ठेवता?" "मागच्या सीटवर."

या जातीचं माहेर अमेरिका. तिथे फोर्डची एफ-सीरिज १९७७ पासून सगळ्यात जास्त खपणारी पिकअप आहे, आणि तिच्या हौद्याला झाकणं विकणं हा स्वतंत्र धंदा. गुंडाळायचं कापडी, तिघडी, ॲल्युमिनियमच्या फळ्यांचं, बटण दाबलं की सरकणारं. साध्याला काहीशे डॉलर, बटणवाल्याला हजारांत. माझा एक आतेभाचा टेक्ससमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं पिकअप घेतली आणि व्हिडिओ कॉलवर ती आम्हाला दाखवली. हौद्याला ओरखडा पडू नये म्हणून आतून काळ्या रबरी अस्तराची फवारणी, वर तिघडी झाकण. "हौद्याला ओरखडा पडला नाही तर हप्ते कुठून भरतो?" भावानं खऱ्या काळजीनं विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, पगारातून." आतमध्ये होतं काय? दुकानातून आणलेली बासमतीची दोन पोती आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल. तेव्हा लक्षात आलं, की झाकण्याची गरज दोन्ही देशांत सारखीच आहे. तिकडे हौदा रिकामा असतो हे दिसू नये म्हणून झाकतात. इकडे तो किती भरलाय हे दिसू नये म्हणून.

पण भाच्याला हसण्यात अर्थ नाही. त्याचं झाकण आणि भावाचा प्रेशर हॉर्न ही एकाच कुळातली खरेदी. दोघांनाही ठाऊक आहे, की याचा उपयोग काय असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. म्हणून दोघांनीही भाव केला नाही. घासाघीस करायला वस्तूची गरज लागते, आणि हौशीला गरज जोडली की तिची हौसच जाते.

वाशीच्या बाजारात पहाटे गाडी लागते तेव्हा व्यापारी फाळक्यावरची नावं वाचत नाही, वाघाकडे बघत नाही, एलईडीचे रंग मोजत नाही. ताडपत्रीचा एक कोपरा उचलतो, आत हात घालतो, वरच्या क्रेटातला टोमॅटो दाबून बघतो आणि आकडा सांगतो. त्या आकड्यात ताडपत्रीचा वाटा असतो, बाकीच्या एकाही दागिन्याचा नसतो. पण तो आकडा ऐकून, अपेक्षेच्या निम्म्या भावात माल टाकून, रिकामा हौदा घेऊन रात्रभर जागलेल्या माणसाला पुन्हा घाट चढायचा असतो. तेव्हा वूफर वाजतो, महाराजांच्या मागे निळा-हिरवा उजेड फिरतो, आणि पोरीचं नाव मागच्या गाडीच्या दिव्यात वाचलं जातं. माल भिजू नये म्हणून ताडपत्री, आणि माणूस सुकू नये म्हणून बाकीचं सगळं. दोन्ही खर्च गाडीचेच. फक्त दुसऱ्याचा हिशेब वेगळ्या वहीत लिहावा, आणि ती वही वहिनीच्या हाती लागू नये म्हणून ताडपत्रीखाली ठेवावी. दीडशे जीएसएमची असली, तरी तेवढं झाकायला पुरते.